रस्ता विचारणे



परमुलखात माणूस रस्ता चुकतो ह्यात नवल नाही. नवल हे की, विचारूनही तो चुकतो. आणि बहुधा दोष सांगणाऱ्याचा नसतो. आपल्या गावचा प्रश्न आपण त्यांच्या गावात विचारीत असतो. माझ्या बाबतीत हे टोकियोत घडले, म्हणून त्याच शहराविषयी बोलतो.

१९८७ साली मी तेथे नुकताच गेलो होतो. यानाका नावाच्या जुन्या, देवळादेवळांच्या भागात एका वृद्ध प्राध्यापकांनी संध्याकाळी सहाला जेवायला बोलावले होते. हातातल्या चिठ्ठीवर वस्तीचे नाव आणि पुढे तीन आकडे. रस्त्याचे नावच नव्हते. मला वाटले, घाईत राहून गेले असेल. निप्पोरी स्टेशनावर उतरलो आणि भेटेल त्याला मोडक्या जपानीत विचारू लागलो, "ह्या घराचा रस्ता कोणता?" लोक थांबत, चिठ्ठी न्याहाळीत, मान वाकडी करून विचारात पडत. त्यांना उत्तर येत नव्हते असे नव्हे, प्रश्नच कळत नव्हता.

टोकियोतल्या बहुतेक रस्त्यांना नावच नाही. पत्ता जमिनीवरून चालतो. वस्तीचे जे भाग पाडतात त्यांना 'चोमे' म्हणतात. चोमेत गल्ल्यांनी वेढलेले घरांचे पुंजके, प्रत्येकाला क्रमांक. आणि पुंजक्याभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत घरांना क्रमांक. ही शिस्तसुद्धा अलीकडची, १९६२ च्या कायद्याने आलेली. त्यापूर्वी जमीनमहसुलासाठी पाडलेले क्रमांकच घराचा पत्ता होते. जमिनीच्या वाटण्या होत गेल्या, तशी आकड्यांची सरमिसळ झाली. पुष्कळ ठिकाणी ते जुने क्रमांक आजही चालतात. आता हे ऐकून शनिवार पेठेतल्या माणसाने तरी हसू नये. आपला घरक्रमांक तरी कुठे रस्त्याचा आहे? तो पेठेचा आहे! पण मी रस्ता विचारायला शिकलो होतो इंग्रजी क्रमिक पुस्तकातून.

त्याच देशात क्योटोची तऱ्हा अगदी उलटी. तेथे पत्ता दोन रस्त्यांच्या छेदावरून सांगतात आणि पुढे 'आगारु' किंवा 'सागारु' म्हणतात, म्हणजे वर जा किंवा खाली जा. चढ म्हणाल तर डोळ्यांना दिसतही नाही. पूर्वी राजवाडा उत्तरेला होता, म्हणून उत्तर ती वर. वरची आळी, खालची आळी म्हणत वाढलेल्या माणसाला हे चटकन उमगते.

असो. यानाकात लोणच्यांच्या एका दुकानात आजीबाई पिंपावर झाकण घालीत होत्या. चिठ्ठी पाहून त्यांनी एप्रन सोडला, दुकानाची फळी ओढली आणि त्या माझ्यापुढे चालू लागल्या. त्यांना आपली आळी ठाऊक होती, आकडे ठाऊक नव्हते. वाटेत त्यांनी तिघांना विचारले. एकाने पाठविले पूर्वेला, दुसऱ्याने पश्चिमेला. अंधार पडला. शेवटी आम्ही कोपऱ्यावरच्या पोलीसचौकीत शिरलो. ह्या चौकीला 'कोबान' म्हणतात. टोकियोत १८७४ पासून हा प्रकार आहे आणि आज देशभर अशा सुमारे सहा हजार चौक्या आहेत. वाट सांगणे हे तेथल्या शिपायाचे रोजचे काम. त्याने जो नकाशा पसरला त्यावर घरोघरची आडनावे छापलेली होती. मिनिटभरात घर सापडले.

घराच्या दारात पोहोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. प्राध्यापक बाहेरच उभे होते. आजीबाईंनी कमरेत वाकून त्यांनाच "सुमिमासेन" म्हटले. पाहुण्याला उशीर झाला तो जणू त्यांच्यामुळे! मी इंग्रजीत "थँक्यू" म्हणालो आणि आत गेलो.

'सुमिमासेन' शब्दाचा मला पुढे उलगडा झाला. क्षमा मागताना तो वापरतात, आभार मानताना वापरतात आणि अनोळखी माणसाला रस्ता विचारण्यापूर्वी हाकही त्याच शब्दाने मारतात. 'संपणे, चुकते होणे' असा जो धातू आहे त्याचे हे नकारार्थी रूप. म्हणजे, हे फिटलेले नाही. विचारतानाच देणे कबूल करायचे! हल्ली फोनवर निळा ठिपका आपल्याबरोबर चालतो. ते सोयीचे आहे, मीही वापरतो. ठिपक्याचे देणे मात्र लागत नाही. त्या बाईंनी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दीड तास दुकान बंद ठेवले होते, हे मला तो शब्द कळल्यावर सुचले.

दोन महिन्यांनी मिठाईचा पुडा घेऊन मी पुन्हा यानाकात गेलो. गल्ल्या सगळ्या सारख्या. तासभर हिंडलो, दुकान सापडेना. मग त्याच चौकीत गेलो आणि ह्या खेपेला प्रथम "सुमिमासेन" म्हणालो. शिपायाने हसून तोच नकाशा पसरला, पेन्सिल हातात घेतली आणि विचारले, "आडनाव काय त्यांचे?"

मी ते विचारलेच नव्हते.