पत्रकावर नसलेले नाव
(संस्थेने आयोजित केलेल्या कलावंत सत्कार समारंभातील भाषण)



मी बोलणारा नव्हे, गाणारा माणूस आहे. बोलताना काही उणे-अधिक झाले तर आपण सांभाळून घ्यावे. संस्थेने आम्हा उभयतांना बोलावून आमचा सत्कार केला, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण या सत्काराच्या निमित्ताने एक गोष्ट मला आपल्यापुढे कबूल करायची आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडे मागचे सांगतो. सत्यशोधक जलशांनी जी वाट घालून दिली, त्या वाटेने १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. नाशिककडे भीमराव कर्डकांचा जलसा गाजला. तमाशातला गण आणि गौळण या जलशांनी बदलून टाकली. देवाच्या स्तुतीच्या जागी बाबासाहेबांचा विचार आला. मात्र त्या जलशांत स्त्रीची भूमिकाही पुरुषच करीत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर भगवान बुद्धांवरची गाणी वाढली आणि वस्त्यावस्त्यांत गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे आम्हा सर्वांचे विद्यापीठच होते. या गायन पार्ट्यांतून आमच्या आयाबहिणी स्वतः व्यासपीठावर बसून गाऊ लागल्या. त्यांतलीच एक माझी पत्नी.

आमचे लग्न १९७४ साली झाले. मी नगरपालिकेत कामाला होतो, ती घरी विड्या वळीत असे. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. गाणे ती कुणाकडे शिकली नव्हती. आईच्या जात्यावरच्या ओव्या तेवढ्या कानात होत्या. आमच्या पार्टीत पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी आणि दोन कोरस. एक कोरसवाला आजारी पडला म्हणून तिला एका रात्रीपुरते बसवले, ती पुढे बावीस वर्षे बसली. एप्रिल उजाडला की बुद्धपौर्णिमेपर्यंत आम्हाला उसंत नसे. मिळेल त्या वाहनाने जायचे, रात्रभर गायचे, सकाळी मी कामावर आणि ती चुलीपुढे. आमचा थोरला मुलगा व्यासपीठावर पेटीच्या खोक्यामागे गोधडीत झोपून मोठा झाला.

आता गाण्यातली एक अडचण सांगतो. पुरुषाचा आवाज साधारण काळी एकमध्ये मोकळा होतो, बाईचा काळी चारच्या आसपास. पार्टी माझ्या नावाची, म्हणून पेटीची पट्टी माझी. तिला कायम माझ्या पट्टीत, खालच्या स्वरात, आवाज दाबून गावे लागे. लोक म्हणत, "वहिनींचा आवाज जरा बारीक आहे." आवाज बारीक नव्हता, पट्टी तिची नव्हती. हे मला कळत होते, तरी मी पट्टी बदलली नाही.

नामांतराच्या लढ्याचे दिवस होते. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला, पण प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या मधल्या काळात एका गावी आमचा सवाल-जवाबाचा कार्यक्रम होता. समोर दुसरी नामांकित पार्टी. मध्यरात्रीनंतर माझा आवाज बसला. पाणी प्यालो, लवंग चावली, काही उपयोग झाला नाही. समोरच्या पार्टीने सवाल टाकला आणि मी नुसताच भाता ओढत बसलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "अहो, काळी चार धरा."

ढोलकी तर काळी एकला चढवलेली. पण तोच स्वर काळी चारला मध्यम होतो, त्यामुळे ढोलकीवाल्याने निभावून नेले. ती गायली. पाच वर्षे शेजारी बसून जो आवाज मी ऐकला नव्हता, तो त्या रात्री ऐकला. शेवटच्या रांगेतली माणसे उठून पुढे आली. उजाडेपर्यंत ती एकटीच गात होती, आणि सवालाला जवाब मिळत होता.

सकाळी आयोजकांनी बिदागी माझ्या हातात दिली. पुढच्या कार्यक्रमाचे पत्रक छापायला मी स्वतः छापखान्यात गेलो. मजकूर मीच लिहून दिला: माझे नाव मोठ्या अक्षरांत, खाली "आणि पार्टी". छापखानेवाल्याने विचारलेही, आणखी कुणाचे नाव घालायचे का? मी नाही म्हणालो. कुणी मला तसे करायला लावले नव्हते. समतेची गाणी मी रात्रभर गात होतो आणि सकाळी छापखान्यात असा वागत होतो.

गेल्या महिन्यात संस्थेच्या ग्रंथालयासाठी गाण्यांच्या वह्या द्यायच्या म्हणून पेटारा उघडला. तिच्या वहीत ते पत्रक चार घड्या घालून ठेवलेले सापडले. मी विचारले, "हे तू कधी वाचलंस?" ती म्हणाली, "आणलंत त्याच दिवशी. चौथी शिकलेय मी." एवढेच बोलून ती वह्यांवरची धूळ पुसू लागली.

संस्थेच्या सन्मानपत्राच्या मसुद्यात माझे नाव आणि पुढे "व सौ." असे होते. मी कार्यालयात जाऊन विनंती केली आणि कार्यकर्त्यांनी ती लगेच मान्य केली. आज आपण जे सन्मानपत्र पाहिले, त्यात तिचे पूर्ण नाव आधी आहे. चाळीसहून अधिक वर्षांनी एका कागदावर ते आले.

विद्यार्थी मित्रांनो, आज कॅसेटचा जमाना संपला. एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात यांचा आवाज मोबाईलवरून घरोघरी पोहोचला, याचा मला फार आनंद वाटतो. पण आपल्याच वस्तीत कोरसमध्ये गाऊन गेलेल्या कितीतरी बायांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. त्यांच्यापैकी ज्या हयात आहेत त्यांच्याकडे जा. त्यांची गाणी, चाली आणि नावे लिहून घ्या. जयंतीचे पत्रक छापाल तेव्हा पेटीवाला, ढोलकीवाला आणि कोरस यांचीही नावे घाला. आणि गाणारी मुलगी असेल तर आधी तिला तिची पट्टी विचारा.

माझी पत्नी समोर पहिल्या रांगेत बसली आहे. आता तिला फार वेळ गाता येत नाही, तरी एक गाणे म्हणायचे तिने कबूल केले आहे. मी पेटीवर बसतो. पट्टी काळी चार.

जय भीम! नमो बुद्धाय!