बेसवाला हवाच कशाला?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलेली काही वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आधी एक काम करा. हा भाग फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर इयरफोन लावा. कारण आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे, ते फोनच्या स्पीकरमधून धड बाहेर येतच नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. फोनचा स्पीकर केवढा, तर नखाएवढा. दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली तो हात टेकतो. तरी गाण्यात बेस आहे हे कळतं ना? कारण त्या सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट, आठपट असे वरचे सूरही वाजत असतात आणि त्यावरून मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आजवर बेस अंदाजानेच ऐकलाय.

आता थोडं माझं. मी पुण्यात दिवसा कोड लिहितो, बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षापासून बेस वाजवतो, आणि आमचा चौघांचा बँड आहे. सगळे नोकरी करणारे. गेल्या वर्षी आमचा गिटारिस्ट जॅम रूमच्या बाहेर चहा पिता पिता म्हणाला, “राग मानू नकोस, पण कॅफेच्या गिगला बेस लॅपटॉपवर टाकूया का? ड्रमरच्या कानात क्लिक देऊ. पैसे तिघांत भागतील.” राग यायला हवा होता. पण इंजिनिअर माणूस, मी आधी हिशोब केला. आठ हजार चौघांत वाटले तर दोन-दोन हजार येतात, तिघांत सव्वीसशेच्या वर. शिवाय माझ्या अ‍ॅम्पसाठी वेगळी रिक्षा लागते ती वाचते. गणित त्याचं बरोबर होतं. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की बेस वाजवणारा माणूस असं काय करतो जे फाइल करत नाही? हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरलो, आणि आजचा भाग त्याच्यावरच आहे.

थोडा इतिहास, पटकन. १९५१ मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी बँडमध्ये खालचे सूर सांभाळायला उभा डबल बेस असायचा. माणसाएवढं लाकूड, गोंगाटात आवाज कमी पडणार, आणि मानेवर फ्रेट नाहीत, त्यामुळे बोट कुठे ठेवायचं ते कानाने ठरवायचं. फेंडरने फ्रेट दिले. बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर अचूक, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. म्हणजे सूर अचूक लावण्याचं काम यंत्राने त्याच वर्षी उचललं. वाजवणाऱ्याकडे मग उरलं काय? सूर कधी सुरू करायचा, आणि त्याहून महत्त्वाचं, कधी बंद करायचा.

तबल्याजवळ बसलेल्यांना हे लगेच कळेल. डग्गा नुसता मारून सोडला तर घुमत राहतो. तळहात टेकवला की गप्प. डग्ग्याची अर्धी भाषा त्या गप्प करण्यात आहे. बेसचंही तसंच. समजा गाणं १०० बीपीएमचं आहे, म्हणजे एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. तुम्ही पहिल्या ठोक्यावर ए वाजवला आणि तो पूर्ण ६०० चालू दिला, तर गाणं वाहतं. तोच ए ३०० ला तोडला तर गाणं उड्या मारायला लागतं. सूर तोच, जागा तीच, पण ऐकणाऱ्याचे पाय वेगळे हलतात. मला सगळ्यात आवडतं ते असं, की पहिल्या ठोक्याचा सूर दुसऱ्या ठोक्याला ड्रमरचा स्नेअर पडतो बरोबर त्या क्षणी तोडायचा. स्नेअर एकदम मोठा वाटतो. ड्रमरला वाटतं आज आपण भारी वाजवतोय. वाटू द्या.

हे हातात कसं येतं? डाव्या हाताचं बोट उचलायचं, पण तारेला चिकटलेलंच ठेवायचं. दाब गेला की सूर थांबतो, स्पर्श राहिला की तार किणकिणत नाही. एकाच बोटाने हलकं टेकलं तर कधी कधी बासरीसारखा पातळ सूर निघतो, म्हणून शेजारचं बोटही आडवं टेकवायचं. उजव्या हाताची पहिली दोन बोटं आळीपाळीने. छेडून झाल्यावर बोट हवेत उडवायचं नाही, शेजारच्या जाड तारेवर येऊन विसावलं पाहिजे, म्हणजे ती तारही गप्प राहते. आणि बारीक तारांकडे गेलात की अंगठा पिकअपवरून सरकवून ई तारेवर ठेवायचा. सराव कंटाळवाणा आहे, आधीच सांगतो. मेट्रोनोम ५० वर लावा आणि तो टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला येतोय असं समजून १०० च्या लयीत वाजवा. पहिला ठोका तुमचा तुम्हालाच शोधावा लागतो. पाच मिनिटांत घाम फुटतो.

एक बोट किती पुरतं, यासाठी जेम्स जेमरसन ऐका. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाण्यांत बहुतेक ठिकाणी बेस त्याचा आहे, आणि तो उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. प्रिसिजन बेस, त्यावर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजजवळ फोमचा तुकडा. फोम कशाला, तर सूर लवकर विझावा म्हणून. एवढी गाणी गाजली, पण रेकॉर्डवर त्याचं नाव यायला १९७१ उजाडलं, मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. बेसवाल्याकडे लक्ष न जाणं ही काही आपल्या कॅफेंची खासियत नाही.

आता सामान, कारण अर्धे मेसेज त्याचेच येतात. नवा बेस घेण्याआधी आहे त्याचा सेटअप करून घ्या. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा आणि मध्यावर तार व फ्रेट यांच्यात किती फट राहते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, एवढीच. जास्त असेल तर आतली ट्रस रॉड फिरवावी लागते, एका वेळी पाव आट्याहून जास्त नाही, आणि आधी कधी केलं नसेल तर कारागिराकडेच न्या. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि नेक हलतो, त्यामुळे मे महिन्यात नीट असलेला बेस ऑगस्टमध्ये खरखरू शकतो. तो बिघडलेला नसतो. मग तारा नव्या. फोमचा तुकडा तर घरात भांडी घासायच्या स्पंजातूनही निघतो. आईला विचारून घ्या. या सगळ्यातून पैसे उरले तर पेडलचा विचार करा, आणि तेव्हाही माझं मत ‘नको’ असंच आहे.

मनगटाबद्दल थांबून बोलतो, कारण ऐकणाऱ्यांत माझ्यासारखे दिवसभर कीबोर्ड बडवणारे खूप आहेत. बेसच्या तारेची लांबी साधारण ३४ इंच. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर पाच इंचांहून थोडं जास्त भरतं, साध्या गिटारवर तेच पावणेचारच्या आसपास. (हिशोब हवा असेल तर प्रत्येक फ्रेटला उरलेली लांबी दोनच्या बाराव्या मुळाने भागा.) तर गिटारवाल्यांसारखं ‘एक फ्रेट, एक बोट’ हे तिथे ताणून ताणून करू नका. डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत घ्या. पहिलं, दुसरं, आणि तिसरी-चौथी बोटं जोडीने, म्हणजे चारऐवजी तीनच फ्रेटांची झेप. उरलेल्यासाठी हात सरकवा. पट्टा आखूड करा, मनगट सरळ राहील. गुडघ्यापर्यंत लोंबणारा बेस फोटोत चांगला दिसतो, पण सोमवारी सकाळी स्टँडअपला बोटं वळत नाहीत.

आणि अ‍ॅम्पबद्दल एकच. घरी एकट्याने वाजवताना लो वाढवून, हाय वाढवून, मधलं सगळं कापून आवाज फार गोड लागतो. तीच सेटिंग बँडमध्ये नेली की तुम्ही गायब. खाली किक ड्रम बसलाय, वर झांजा आहेत, आणि तुमची स्वतःची जागा मधेच होती, ती तुम्हीच कापलीत. पाचशे ते आठशे हर्ट्झ थोडं वर घ्या. एकट्याने ऐकताना नाकातून बोलल्यासारखं वाटेल, पण ड्रम्स सुरू झाले की कळेल. आवाज वाढवणं हा उपाय नाही. तुम्ही वाढवलात की गिटारिस्ट वाढवणार, मग गायिका ओरडणार.

तर लॅपटॉपचं काय झालं? आम्ही एका रविवारी दोन्ही करून पाहिलं. फाइल मीच वाजवून दिली होती, म्हणजे तक्रारीला जागा नको. तीन गाणी छान गेली, खरं सांगतो. चौथ्यात आमची गायिका शेवटच्या अंतऱ्याआधी आलापात रमली आणि दोन आवर्तनं जास्त राहिली. फाइल पुढे निघून गेली. ड्रमर बिचारा कानातल्या क्लिककडे ऐकू की हिच्याकडे, अशा पेचात. पुढच्या खेपेला ती मोजून गायली, आणि आलाप बरोबर आठ मात्रांत संपला. सगळं जुळलं. गिटारिस्टच म्हणाला, “हे काही बरं नाही वाटलं.”

पण पैशाचं गणित त्याने बदललं नाही, तेव्हा उगाच गोड शेवट करत नाही. आता ठरलंय ते असं: दोन तासांचा कॅफे, ठरलेली गाणी, कमी पैसे असतील तर ते ट्रॅकवर वाजवतात आणि मी घरी असतो. आमची स्वतःची गाणी असतील किंवा ती आलाप घेणार असेल, तर मी जातो. गेल्या सहा महिन्यांत मी पाच गिग वाजवले, त्यांनी अकरा. पहिल्यांदा त्यांची स्टोरी फोनवर बघितली तेव्हा पोटात थोडं तुटलं. फोनच्या स्पीकरवर बेस काही ऐकू आला नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

शेवटी, खूप जणांनी विचारलंय, पहिला बेस चार तारांचा घ्यावा की पाच? चार. पाचवी तार ३१ हर्ट्झच्या आसपास जाते आणि तुमचा घरचा छोटा अ‍ॅम्प ती वाजवूही शकत नाही. शिवाय गप्प ठेवायला आणखी एक तार वाढते.