शॉकअपचं सील बदललं, तरी पंधरा दिवसांत परत गळलं

आज कोडिंगचं काही नाही. आज बोलू बाईकच्या पुढच्या शॉकअपबद्दल.

आम्ही मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहतो. बाबांची जुनी पल्सर आहे, रोज काशीमिऱ्यापर्यंत जाते. पावसाळा संपल्यावर गाडी पुसताना डिस्कच्या बाजूच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला. बाबा म्हणाले, "जुनी गाडी आहे, थोडं तेल येणारच." मीही सोडून दिलं. आठवड्याने घरी आले ते घाबरलेलेच. "अरे, सिग्नलला पुढचा ब्रेक धरलाच नाही." तेल डिस्कवर उतरलं होतं.

शॉकअपच्या आत स्प्रिंग आणि तेल असतं. खड्ड्यात स्प्रिंग दबते आणि तेल बारीक भोकांतून जाताना तिची उसळी मारतं. हे तेल आत धरून ठेवतं एक रबरी ऑइल सील. ते गेलं की तेल बाहेर आणि गाडी झोके घ्यायला लागते.

मी व्हिडिओ बघून पार्किंगमध्येच काम काढलं. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा. चाक काढायच्या आधीच वरचं झाकण थोडं सैल करून घ्या, नंतर पाइप हातात फिरत राहतो. पण झाकण पूर्ण उघडताना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली असते. आणि चाक काढल्यावर ब्रेक लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतो. मग तेल ओतून टाकायचं, डस्ट सील, लॉक, जुनं सील काढायचं, नवीन बसवायचं. झालं! मी खूश.

पंधरा दिवसांत परत गळायला लागलं.

मला वाटलं सील खराब मिळालं. दुसऱ्यांदा खोललं तेव्हा पाइपवरून नख फिरवलं, तर नख अडकलं. गंजाचे बारीक खड्डे! आपल्याकडे खाडी, भाईंदरची मिठागरं, हवाच खारट. क्रोम उडतं, गंजाची कड तयार होते, आणि शॉकअप दबला की ती कड सीलची ओठासारखी नाजूक धार कापते. म्हणजे मी बग सोडून एरर मेसेज पुसत होतो.

अगदी बारीक खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपर तेल लावून हलक्या हाताने फिरवा, कड गेली पाहिजे. नख अडकत असेल तर पाइपच बदला. मी दोन्ही बदलले. नवीन सील घालताना पाइपच्या तोंडावर पातळ प्लास्टिक गुंडाळलं, धारेला तेल लावलं आणि योग्य मापाच्या पीव्हीसी पाइपने सरळ ठोकून बसवलं. तेल मॅन्युअलमधल्या मापानेच, दोन्ही बाजूंना सारखं, अंदाजे नाही.

तेल प्यायलेले ब्रेक पॅड धुऊन वापरू नका, नवीन टाका. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. निघण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबा, सोसायटीतच हळू एक फेरी मारा. पाइप वाकलेला असेल किंवा बोल्ट किती आवळायचा ते कळत नसेल, तर मेकॅनिककडे द्या. त्यात कमीपणा नाही.

आता दर रविवारी पाइप पुसतो, नख फिरवून बघतो. दोन मिनिटं लागतात. तुम्हीही आज खाली उतरा आणि गाडीच्या शॉकअपवरून एकदा बोट फिरवा. बोट तेलकट झालं, तर उद्यावर ढकलू नका.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!