करदोड्याची गाठ

आम्ही तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्या गावाची ओळख मॅंगनीजच्या खाणीची. कुणाचा नवरा खाणीत पाळीवर जातो, आणि पाऊस लागला की आम्ही साऱ्या जणी रोवणीला जातो. आज बोलायचं आहे ते घरी राहिलेल्या लेकराबद्दल.

लेकरू वाढतं कधी, ते कळतच नाही. काल उंबरठ्याशी अडणारं पोर आज तो ओलांडून अंगणात बसलेलं असतं. बारशाचं झबलं काखेत काचायला लागतं. आईची चप्पल उलटी घालून फटक फटक चालतं. आपण भात वाढताना पहिल्यांदा "मी, मी" म्हणत ताट ओढतं. हे सारं आपण पाहतो, हसतो आणि कामाला लागतो.

पण रोवणीच्या दिवसांत पाहायलाच कोण असतं? सकाळी लेकरू झोपलेलं असताना निघायचं, दिवसभर बांधीत वाकायचं आणि अंधार पडता पडता परतायचं. तोवर ते पुन्हा पेंगुळलेलं.

आमच्या गटातल्या एकीच्या घरी असंच झालं. पोरगी सात महिन्यांची होती. दिवसा ती आजीजवळ आणि मोठ्या बहिणीजवळ राहायची. एक दिवस आंघोळ घालताना आजीच्या ध्यानात आलं, की करदोडा कमरेवरून खाली घसरतोय. आजी म्हणाली, "लेकरू वाढलं की करदोड्याची गाठ सैल करावी लागते. इथं गाठ तीच, अन् करदोडाच सैल झाला."

आम्ही म्हटलं, रांगायला लागली की लेकरं बारीक होतातच. आजीने ऐकलं नाही. तिला घेऊन अंगणवाडीत गेली. जूनमध्ये वजन 6 किलो 800 ग्रॅम होतं, जुलैमध्येही तेवढंच. ऑगस्टमध्ये 6 किलो 500 ग्रॅम भरलं. सेविकाताईंनी तक्त्यावरची रेष दाखवली. रेष वर चढत असेल तर ठीक, आडवी झाली तर सावध व्हायचं, खाली वळली तर थांबायचंच नाही.

कारण शोधायला दूर जावं लागलं नाही. दिवसभर पातळ पेज आणि बिस्किटं, त्यात दोनदा हगवण लागली होती. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही आणि पेजेत पाणीच जास्त असतं. ताईंनी सोपी खूण सांगितली: चमचा तिरपा केला की ओघळून जातं, त्याने लेकराचं पोट भरतं पण अंग भरत नाही. चमच्यावर थांबेल इतकं घट्ट हवं. मऊ भात, मुगाचं वरण, वरून चमचाभर तेल, कधी कुस्करलेलं अंडं. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीनदा, नवव्यापासून तीन-चारदा, आणि सोबत आईचं दूध. डॉक्टरांनाही दाखवलं. हगवणीसाठी ओआरएस आणि 14 दिवस झिंकच्या गोळ्या मिळाल्या.

पण भरवणार कोण? आजीला दिसतं कमी, बहीण स्वतःच नऊ वर्षांची. मग आमच्या दहा जणींच्या टोळीने ठरवलं. रोज आळीपाळीने एकीने गावात थांबायचं, साऱ्यांची लहान लेकरं सांभाळायची, आणि तिची मजुरी बाकीच्यांनी वाटून द्यायची. अंगावर पिणारी लेकरं दुपारी बांधावर आणायची. पहिल्या दिवशी थोडी कुरकुर झाली, मजुरी कापून द्यायला कुणाला आवडतं? पण रोवणी संपेपर्यंत कुणी मोडलं नाही.

ही युक्ती आमची नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची.

त्या टोळीचा आणखी एक फायदा झाला. संध्याकाळी घरी थांबलेली बाई सांगायची, "तुझी आज भिंत धरून उभी राहिली." "तुझ्याने आज मला हाक मारली." आम्ही चिखलाचे पाय धुता धुता ऐकायचो. स्वतः पाहिलं नाही याचं वाईट वाटायचं, पण कुणीतरी पाहिलं होतं.

बायांनो, आज रात्री लेकराला जवळ घ्याल तेव्हा करदोडा बघा. करदोडा नसेल तर पैंजण बघा, झबलं बघा. दिवसभर सांभाळलं त्या आजीला, बहिणीला विचारा, आज नवं काय केलं, काय खाल्लं? आणि महिन्याचं वजन चुकवू नका. डोळ्यांना जे वाटतं, ते काट्यावर तपासून घ्या.

आमच्या त्या पोरीची रेष सप्टेंबरात वर वळली. दिवाळीच्या आंघोळीला आजीने करदोड्याची गाठ सोडली आणि दोन बोटं सैल करून पुन्हा बांधली.