अथेन्सच्या बायका घर सोडून निघाल्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी मी आत चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले, की बाहेरच्या पाहुण्यांचे भाषण नको, आपल्यातल्याच एकीने बोलायचे, आणि मला न विचारता माझे नाव घालून टाकले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्या.

विषय कसा सुचला ते आधी सांगते. आमच्या धाकट्याला शाळेत मॅराथॉन शर्यतीवर दहा ओळी लिहायच्या होत्या. त्याने लिहिले, की एक शिपाई जिंकल्याची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेला आणि सांगताच मेला. थोरली कॉलेजात इतिहास शिकते. ती म्हणाली, "आई, ही गोष्ट फार मागाहूनची. हिरोडोटस हा जुना इतिहासकार वेगळेच सांगतो. तो धावणारा लढाईच्या आधी स्पार्टाकडे मदत मागायला गेला होता, दीडशे मैल." मला वाटले, एवढी प्रसिद्ध गोष्ट जर अशी, तर बाकीचे काय असेल? मग वाचनालयातून पुस्तके आणली. इंग्रजी होती ती थोरलीने समजावून सांगितली. दुपारची झोप गेली, पण त्याचे वाईट वाटले नाही.

लढायांचे थोडक्यात सांगते. ग्रीस तेव्हा एक राज्य नव्हते. अथेन्स, स्पार्टा, कॉरिंथ अशी लहान लहान स्वतंत्र नगरराज्ये होती. भाषा एक, देव तेच, पण जावाजावांसारखी कायमची धुसफूस. समोर इराणचे साम्राज्य, इजिप्तपासून थेट सिंधू नदीपर्यंत. त्याच्या ताब्यातल्या ग्रीक शहरांनी बंड केले, त्यांना अथेन्सने वीस जहाजे देऊन मदत केली. तो राग धरून दरायस बादशहाने फौज धाडली. इ. स. पू. ४९० मध्ये मॅराथॉनच्या मैदानात अथेन्सने, प्लॅटिया नावाच्या लहानशा गावाच्या सोबतीने, ती परतवली. दहा वर्षांनी दरायसचा मुलगा झर्क्सीस स्वतः आला. थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास तीनशे जणांसह पडला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांच्याबरोबर थेस्पिया गावचे सातशे जण मागे राहिले, त्यांचे नाव सहसा कोणी घेत नाही. खिंड गेली, आणि अथेन्सची वाट मोकळी झाली.

आता माझा प्रश्न. शत्रू दाराशी येणार, तर गावातल्या बायकामुलांचे काय?

अथेन्सचा पुढारी होता थेमिस्टोक्लीज. काही वर्षे आधी त्यांच्या खाणीत भरपूर चांदी निघाली होती आणि माणशी दहा द्राख्मा वाटून घ्यायचे घाटत होते. त्याने लोकांना पटवले, की वाटू नका, जहाजे बांधा. निमित्त सांगितले शेजारच्या बेटाशी चाललेल्या भांडणाचे. हातात येणारा पैसा सोडायला माणसे कशी तयार झाली याचे मला अजून नवल वाटते. तीच जहाजे आता कामी येणार होती. बेत असा, की शहर रिकामे करायचे, पुरुषांनी जहाजांवर चढायचे, बायकामुलांना समुद्रापलीकडे ट्रॉइझेन गावी पाठवायचे. कोणी एजायना बेटावर, कोणी सॅलॅमिसला. ठराव पुरुषांच्या सभेत झाला. बायकांना तिथे मत नव्हते.

पण एका बाईचा शब्द कामी आला. अथेन्सच्या टेकडीवर अथीना देवीच्या देवळात एक पवित्र नाग राहतो अशी समजूत होती. दर महिन्याला त्याला मधाच्या पोळीचा नैवेद्य असे. त्या महिन्यात नैवेद्य तसाच राहिला असे देवीच्या पुजारणीने सांगितले. देवीच गेली म्हटल्यावर लोकांचे पाय निघाले. हे थेमिस्टोक्लीजनेच घडवून आणले असे प्लुटार्क हा लेखक म्हणतो. असेलही.

प्लुटार्कने निघण्याची वेळ फार जीव लावून लिहिली आहे. ज्यांना हलवता येईना असे म्हातारे मागे राहिले. पाळलेली जनावरे किनाऱ्यावर ओरडत धावत होती. झँथिपस नावाच्या माणसाचा कुत्रा मालकाच्या जहाजाशेजारून पोहत सॅलॅमिसपर्यंत गेला आणि वर येताच मेला. हे ऐकताना मला २०१९ चा पूर आठवला. घर सोडताना मी पिठाचा डबा उचलला आणि कागदांची पेटी विसरले. त्या बायकांनी काय उचलले असेल? ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

ट्रॉइझेनच्या लोकांनी मात्र मन मोठे केले. आलेल्यांना गावाच्या खर्चाने रोज दोन ओबोल द्यायचे, मुलांनी कोणाच्याही बागेतले फळ तोडले तरी चालेल, आणि मुलांच्या शिक्षकांचा पगारही गावाने द्यायचा, असे त्यांनी ठरवले. शिक्षकांचा पगार! परक्या गावात, लढाई चालू असताना, मुलांची शाळा बुडू नये हे कोणाला तरी सुचले. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. ट्रॉइझेनलाच एक कोरलेला दगड मिळाला, त्यावरचा मजकूर १९६० मध्ये छापून आला. बायकामुलांना कुठे पाठवायचे हा ठराव त्यावर आहे. अक्षरे मात्र घटनेनंतर दोनेकशे वर्षांनी कोरलेली, म्हणून मजकूर अस्सल की मागाहून रचलेला यावर विद्वानांचा वाद आहे.

इकडे झर्क्सीसने अथेन्स जाळले. पुढे सॅलॅमिसच्या अरुंद खाडीत त्याचे आरमार मोडले. त्याच्या बाजूने आर्टेमिसिया नावाची राणी पाच जहाजे घेऊन लढत होती. समुद्रावर लढू नका, असे त्याला बजावणारी ती एकटीच. बाईमाणूस आपल्यावर चालून येते याचा अथेन्सला इतका राग, की तिला जिवंत धरणाऱ्याला दहा हजार द्राख्मांचे बक्षीस लावले होते. ती सापडली नाही.

पुढचे सांगू की नको, असे मला वाटत होते. पण अर्धेच सांगणे बरे नाही. माणसे घरी परतली, आणि ४७९ मध्ये इराणी सेनापती मार्डोनियस पुन्हा आला. पुन्हा शहर सोडून सॅलॅमिसला जाणे आले. तिथे त्याने तहाचा निरोप पाठवला. लायकिडीस नावाचा सभासद म्हणाला, की निरोप लोकांपुढे ठेवावा. एवढ्यावर पुरुषांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. ते कळताच बायका, कोणी न सांगता, एकमेकींना हाका घालीत त्याच्या घरी गेल्या आणि त्याच्या बायकोला व मुलांना दगडांनी मारले. थोरली वाचीत होती, मी तिला थांबवले. दोनदा घर सुटलेल्या, जळलेल्या चुली पाहून आलेल्या बायका होत्या, हे मला कळते. त्या लेकरांचे काय चुकले, हे कळत नाही. ट्रॉइझेनला ज्यांच्या मुलांनी परक्या बागेतली फळे खाल्ली, त्यांतल्याच कोणी या घोळक्यात असतील का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याच वर्षी प्लॅटियाला इराणी फौज हरली आणि अथेन्सची माणसे परतली. घरे बहुतेक पडलेली. तट पुन्हा बांधू नका असे स्पार्टाचे म्हणणे होते. थेमिस्टोक्लीज स्पार्टाला जाऊन बोलणी लांबवीत बसला, आणि इकडे पुरुष, बायका, मुले सगळे भिंतीच्या कामाला लागले. या वेळी बायकांना कोणी मागे ठेवले नाही. हाताला येईल तो दगड, घराचा, देवळाचा, थडग्यावरचासुद्धा, त्यांनी भिंतीत घातला. त्या तटाचे काही अवशेष अथेन्समध्ये आजही आहेत, आणि त्यात थडग्यांवरचे कोरीव दगड खरोखरच सापडले आहेत.

माझे बोलणे झाले. आत पातेल्यापाशी आज कोण आहे, तिलाही बाहेर बोलवा.