छोट्या ट्रॅक्टरला सरपण आणि छाटणीच्या काडीसाठी कोणते अवजार जोडावे?

(डाळिंब व द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बहार आणि पाणी या विषयांवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी बोलून घेतले आहे. माझ्या वाट्याला आलेला विषय कडेचा, म्हणजे अक्षरशः बांधावरचा आहे. छाटणीनंतर बागेत पडलेली काडी, मर लागून उपटलेली डाळिंबाची झाडे, तालीवर आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ आणि त्यातून निघणारे घरचे सरपण. हे सगळे पूर्वी डोक्यावरच्या भाऱ्याने आणि बैलगाडीने हलत असे. आता बैल कमी झाले, मजूर वेळेवर मिळत नाही, आणि दारात १८ ते २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर उभा आहे. त्याच्यामागे काय जोडावे, असे तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. दुकानदार मात्र त्याच्याकडे जे शिल्लक असेल ते सुचवतो.

अवजार पाहण्याआधी लाकूड पाहा, असे माझे सांगणे आहे. काडी निरोगी आहे की रोगट, यावरच अर्धी निवड ठरते.

डाळिंबाचे उदाहरण घ्या. मर रोगाची बुरशी मुळांत आणि मातीत असते. अशक्त झालेल्या खोडात बारीक छिद्रे पाडणारे भुंगेरेही शिरतात. असे झाड उपटून आपण काय करतो? बुंध्याला साखळी बांधतो आणि ट्रॅक्टरने सगळ्या बागेतून ओढत बांधापर्यंत नेतो. मुळांची माती वाटेत प्रत्येक ओळीत सांडत जाते. मग ते लाकूड ‘पावसाळ्याला होईल’ म्हणून बांधावर रचून ठेवतो. त्या ढिगातून भुंगेरे निघतात आणि शेजारच्या चांगल्या झाडांवर जातात. एक झाड काढले म्हणून आपण समाधानी असतो आणि पुढच्या वर्षी दहा झाडे पिवळी पडतात. तेल्या डागाच्या फांद्यांचेही तसेच. त्या बागेत कुटून आच्छादन म्हणून पसरल्या तर रोगाचे जिवाणू आपणच बागेत ठेवले असे होते. अशा बागेत श्रेडर कितीही चांगला असो, तो कामाचा नाही. तिथे माल उचलून, मुळाखाली पोते किंवा ताडपत्री घालून, बागेबाहेर नेऊन लगेच जाळणारी व्यवस्था हवी. मर लागलेल्या झाडाचे सरपण रचून ठेवण्याचा मोह सोडलेलाच बरा. चुलीत घालायचेच असेल तर त्याच आठवड्यात संपवा.

द्राक्षात परिस्थिती वेगळी आहे. एप्रिलच्या खरड छाटणीची आणि ऑक्टोबर छाटणीची निरोगी काडी बोटाएवढी असते आणि ओळीत सरळ पडते. ती श्रेडरने जागेवरच कुटता येते. मिलीबगचा प्रादुर्भाव असलेल्या बागेतील काडी आणि सुटलेली साल मात्र बाहेरच काढावी. कुटलेली काडी मातीत लगेच गाडू नये. ताजे लाकूड कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेते आणि वेलीची पाने फिकी पडतात. ती वरच राहू द्या, किंवा शेणकाला आणि थोडा युरिया घालून खड्ड्यात कुजवा.

आता अवजारांकडे वळू. सरपण आणि रोगट झाडे उचलण्यासाठी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे ट्रॅक्टरच्या खालच्या दोन भुजा आणि टॉप लिंकवर बसणारी लोखंडी फळी. गावातला फॅब्रिकेशनवाला चॅनेल आणि अँगल वापरून ती बनवून देतो. चाक नाही, पंक्चर नाही, ओळीत वळते आणि जमिनीला टेकवून भरता येते. मात्र तिच्यावर किती भरायचे याचा हिशेब कोणी करत नाही, म्हणून तो इथे मांडतो.

समजा, तुमच्या ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो आहे आणि त्यातले ३२० किलो पुढच्या चाकांवर पडते. पुढच्या-मागच्या आसांतील अंतर १.४ मीटर. फळीवरच्या भाराचा मध्य मागच्या आसाच्या १.३ मीटर मागे येतो. फळीसकट ३०० किलो उचलले, तर ३०० ला १.३ ने गुणून १.४ ने भागा. उत्तर सुमारे २८० येते. म्हणजे पुढच्या चाकांवरचे २८० किलो वजन हलके झाले आणि तिथे फक्त ४० किलो उरले. स्टिअरिंग फिरते, पण ट्रॅक्टर वळत नाही. तालीच्या चढावर तर पुढची चाके उचललीच म्हणून समजा. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे १६० किलो, तरी पुढे राहिला पाहिजे. तो ठेवायचा तर फळीसकट पावणेदोनशे किलोच्या आतच थांबावे लागते. कंपनीच्या पत्रकात उचलण्याची क्षमता ५०० किंवा ७५० किलो लिहिलेली असते. ती खोटी नसते, पण ती हायड्रॉलिकची ताकद आहे आणि सहसा भुजांच्या टोकाला मोजलेली असते. ट्रॅक्टर तेवढ्या वजनाने तोल सांभाळेल असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. पुढे ६० किलोची वजने लावली आणि ती पुढच्या आसापासून ४० सेंटीमीटर पुढे असली, तर पुढच्या चाकांवरचा भार सुमारे पाऊणशे किलोने वाढतो. फळी घेणाऱ्याने ही वजनेही त्याच दिवशी घ्यावीत.

ट्रॉलीविषयी थोडक्यात सांगतो. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दीड फूट उंच हौद ओल्या वेडी बाभळीच्या ओंडक्यांनी भरला, तर टनाभराच्या आसपास वजन होते. तुमचा ट्रॅक्टर त्याहून हलका आहे. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि आडवी करते. म्हणून ब्रेक नसलेल्या ट्रॉलीत, ट्रॉलीच्या वजनासकट, ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त भार नको. काटेरी फेसाट्यांची गोष्ट निराळी. त्यांनी हौद दिसायला गच्च भरतो, पण वजन फारसे नसते.

फांद्या कुटणाऱ्या यंत्रांत दोन जाती आहेत. ओळीतून चालत जाऊन खाली पडलेली काडी कुटणारा श्रेडर किंवा मल्चर, आणि एका जागी उभा राहून हाताने फांद्या भरायचा चिपर. पहिला द्राक्षवाल्यांचा, दुसरा बांध साफ करणाऱ्यांचा. दोन्हींमध्ये इंजिनची अश्वशक्ती विचारू नका, पी.टी.ओ.वर मिळणारी विचारा. ती इंजिनपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असते. फांदीची जाडी दुप्पट झाली की कापायचे लाकूड चौपट होते, हेही ध्यानात ठेवा. दोन इंचांची फांदी सहज खाणारे यंत्र चार इंचांच्या फांदीला गुदमरते. विक्रेता हिरवी, मऊ फांदी घालून दाखवतो. आपण घरून वाळलेली बाभळीची फांदी घेऊन जावे आणि ती घालायला लावावी.

मल्चरची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा माग झाकेल इतकी हवी. नाहीतर चाकाखाली दबलेली काडी तशीच राहते. पण ओळीत दोन्ही बाजूंना ठिबकच्या नळ्या आणि वेलीचे बुंधे आहेत, म्हणून त्याहून फार रुंदही नको. आपल्याकडची जमीन मुरमाड. उघड्या पात्याचा स्लॅशर दगड गोळीसारखा फेकतो. मागे साखळ्यांचा किंवा रबराचा पडदा नसलेले यंत्र घेऊच नये.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. मल्चरचा रोटर जड असतो. ज्या ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. गिअरबॉक्समधूनच फिरतो, त्यात तुम्ही क्लच दाबला तरी फिरता रोटर उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलत राहतो. ओळीच्या टोकाला थांबायचे म्हणून क्लच दाबावा आणि ट्रॅक्टर कडेच्या खांबावर जावा, असा प्रकार होतो. यासाठी पी.टी.ओ. शाफ्टमध्ये एकाच दिशेने ओढणारा, म्हणजे ओव्हररनिंग क्लच बसवून घ्यावा. आपल्या ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. कोणत्या प्रकारचा आहे, हे पुस्तिकेत पाहून ठेवा.

शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण बहुतेकांनी काढून टाकलेले असते, ‘ग्रीस करायला अडचण होते’ म्हणून. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे. पदराचे टोक, धोतराचा सोगा किंवा उपरणे त्यात सापडले की माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. चिपरमध्ये काडी भरायच्या कामाला बायाबापड्या उभ्या असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. फांदी बुंध्याकडून आत सोडा, बाजूला उभे राहा, आणि अडकली तर इंजिन बंद करून किल्ली खिशात घातल्याशिवाय हात लावू नका.

आता माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात प्रात्यक्षिकासाठी वेडी बाभळीचा एक बुडखा उपटायचा होता. साखळी आखूड पडली, म्हणून मी ती टॉप लिंकच्या जागी अडकवली. बुडखा हलला नाही, पण ट्रॅक्टरचे तोंड वर आले. चालवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने क्षणात क्लच दाबला, म्हणून आज मी हे तुम्हाला सांगू शकतो. ओढण्याची साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला, मागच्या आसाच्या खाली बांधावी. त्याच्या वर बांधली तर ओढ ट्रॅक्टरला मागे उलथवते. खरे म्हणजे मोठे बुडखे उपटणे हे छोट्या ट्रॅक्टरचे काम नाही. ते जेसीबीवाल्याकडून दोन तास भाड्याने करून घ्यावे. वेडी बाभूळ नुसती वरून कापली तर बुडातून पुन्हा फुटते, म्हणून मुळाचा वरचा गड्डा निघालाच पाहिजे. बांधावर बाभळीशिवाय दुसरी झाडे असतील तर महाराष्ट्रात झाडे तोडण्याच्या नियमनाचा १९६४ चा कायदा आहे. तोडण्यापूर्वी आणि लाकूड हलवण्यापूर्वी वन खात्याकडे चौकशी करा.

विकत घ्यावे की भाड्याने? दोन-तीन एकर द्राक्षबाग असेल तर श्रेडर वर्षातून फार तर चार-पाच दिवस चालेल. बाकीचे ३६० दिवस तो शेडमध्ये गंजत राहील. अशांनी पाच-सहा जणांत एक घ्यावा किंवा अवजार बँकेतून भाड्याने आणावा. मात्र रोगट बागेतून आलेले यंत्र आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्यावे. फळी मात्र प्रत्येकाकडे असावी, कारण ती खताची पोती, क्रेट आणि पाईप वाहायलाही वर्षभर लागते. अनुदानावर यंत्र घ्यायचे असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा. आधी बिल फाडून नंतर अर्ज करणाऱ्यांना कचेरीतून हात हलवत परत यावे लागते.

शेडमागे फळी लावलेला एक ट्रॅक्टर आणि डाळिंबाची काही उपटलेली झाडे ठेवली आहेत. आसांमधले अंतर आणि भाराचा मध्य कसा मोजायचा ते तिथे टेप लावून पाहू. ज्यांनी आपल्या ट्रॅक्टरची पुस्तिका बरोबर आणली असेल, त्यांचा हिशेब तिथेच करून देतो.