दात झिजले की खडक लागला?



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या सास्तुरात दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या. बांधकामातली कुचराई तेव्हापासून मला सोसत नाही. आज मी पुलांच्या पाइलसाठी खडकात भोकं पाडतो. मुरमाला ऑगर पुरतो, भेगाळलेल्या खडकाला बुलेट दात लागतात आणि अखंड काळ्या पाषाणाला रोलर बिटचं कोअर बॅरल. बुलेट दात खोबणीत फिरता हवा, नाहीतर एकाच बाजूनं झिजतो. झिजल्या दातांनी मशीन अडलं, की ‘खडक लागला’ म्हणून थांबायचा मोह होतो. मी आधी दात तपासतो, वर आलेला चुरा पाहतो. गणिताच्या तासाला गुरुजी सांगायचे, उत्तर आलं तरी ताळा करा. तोच ताळा अजून करतोय.